निकाल बदलतो केव्हा? नवी मुंबईतून उच्च न्यायालयात जाणाऱ्या अपिलांचा आढावा

नवी मुंबईच्या जमिनींचा लढा म्हटलं की जानेवारी 1984 मधलं जासईचं आंदोलन आठवतं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे याच रेट्यातून आली. दर जानेवारीत हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, त्यामुळे हा लढा लोकांच्या स्मरणात आहे. त्याच जमिनींसाठी दुसरा एक लढा मात्र ठाणे, अलिबाग आणि पनवेलच्या न्यायालयांत लढला गेला आणि तिथून तो फोर्टमधल्या मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचला. त्याला ना सभा, ना घोषणा. तो निकालपत्रांत, निशाण्यांत आणि नकलांच्या अर्जांत नोंदला गेला आहे.

‘इथे हरलो तरी चालेल, वर बघून घेऊ’ हे वाक्य कोर्टाच्या आवारात रोज ऐकू येतं. वरच्या कोर्टात सगळं नव्यानं सुरू होईल, साक्षीदार पुन्हा उभे राहतील, राहून गेलेला कागद दाखवता येईल, असा त्यामागचा समज असतो. प्रत्यक्षात अपिलात साक्षीदार येत नाहीत. खालच्या न्यायालयात जे रेकॉर्डवर आलं, त्यावरच अपील चालतं. त्या रेकॉर्डमध्ये वरचे न्यायाधीश किती खोल जाऊ शकतात, हेही अपील कायद्याच्या कोणत्या दारानं आत आलं त्यावर ठरतं. या दोन गोष्टी ठाऊक नसल्यानं कष्टाची माणसं मोठी किंमत मोजतात.

एक शहर, दोन जिल्हे

नवी मुंबई न्यायालयांच्या हिशेबानं दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे, उरण हा भाग रायगडात येतो आणि त्याचं जिल्हा मुख्यालय अलिबाग आहे. बेलापूर आणि पनवेल इथे न्यायालयं आहेत. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील होतं, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यानं दिलेल्या शिक्षेवर सत्र न्यायालयात आणि सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात. मोठ्या रकमेच्या दाव्यांची पहिली अपिलं थेट उच्च न्यायालयात जातात.

मुंबई उच्च न्यायालयाचं काम 14 ऑगस्ट 1862 ला सुरू झालं. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी इथे त्याची खंडपीठं आहेत. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. ठाणे आणि रायगड मात्र मुंबईच्या मुख्य पीठाकडेच राहिले.

जमिनीचा भाव आणि 1970 ची तारीख

नव्या शहरासाठी जमिनी संपादित करण्याची अधिसूचना फेब्रुवारी 1970 मध्ये निघाली आणि पुढच्याच महिन्यात, 17 मार्चला, सिडकोची स्थापना झाली. 95 गावांची भातशेती आणि मिठागरं या आराखड्यात आली. निवाडे मात्र लगेच झाले नाहीत. भूसंपादन कायद्याच्या 1984 च्या दुरुस्तीनं निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली आणि आधीपासून रखडलेल्या संपादनांनाही ती लागू केली. त्यामुळे सप्टेंबर 1986 च्या आत अनेक गावांचे निवाडे घाईनं उरकले गेले.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं खरी मेख इथे होती. 2013 पर्यंत लागू असलेल्या 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 23 नुसार बाजारभाव ठरायचा तो कलम 4 च्या अधिसूचनेच्या तारखेचा. 1986 मध्ये निवाडा झाला तरी भाव 1970 चाच धरायचा. ठाण्याच्या खाडीवरचा पूल 1973 मध्ये झाला, वाशी वसली, जमिनींचे भाव चढत गेले, पण यातलं काहीही हिशेबात धरता येत नव्हतं. 1984 च्या दुरुस्तीनं दिलासा रक्कम 15 वरून 30 टक्क्यांवर गेली, वार्षिक 12 टक्के वाढीव रक्कम आली आणि वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी 9 व नंतर 15 टक्के व्याज ठरलं. मात्र हे सगळं ज्या मूळ दरावर मोजायचं, तो दर जुनाच राहिला.

निवाडा मान्य नसलेल्या शेतकऱ्यानं पैसे आक्षेप नोंदवून उचलायचे आणि मुदतीत कलम 18 खाली अर्ज करायचा. निवाड्याच्या वेळी तो हजर असेल तर ही मुदत अवघी सहा आठवड्यांची. मग जिल्हाधिकारी प्रकरण न्यायालयाकडे पाठवतात. बोलीभाषेत याला ‘रेफरन्स’ म्हणतात आणि बरेच जण याला अपीलच समजतात. पुण्यातल्या जमिनींवरून उद्भवलेल्या चिमणलाल हरगोविंददास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्ये हा घोळ निस्तरला. भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा म्हणजे सरकारनं देऊ केलेली किंमत. रेफरन्स हे त्यावरचं अपील नव्हे, ते मूळ प्रकरण आहे, आणि देऊ केलेली किंमत अपुरी आहे हे शेतकऱ्यानं वादीसारखं पुराव्यानं दाखवायचं. अधिकाऱ्यानं निवाड्यात ज्या व्यवहारांचा आधार घेतला, तेही न्यायालयात सिद्ध झाल्याशिवाय वापरता येत नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. गावातलं किंवा शेजारच्या गावातलं, अधिसूचनेच्या आधीच्या जवळच्या काळातलं खरेदीखत शोधायचं. ते रीतसर सिद्ध करून निशाणी पाडून घ्यायची. विकलेली जमीन आणि आपली जमीन यांत रस्त्यापासूनचं अंतर, पाण्याची सोय, भरतीचं पाणी शिरतं की नाही, क्षेत्र केवढं, हे साक्षीत सांगायचं. चार गुंठ्यांच्या तुकड्याचा दर चार एकरांना जसाच्या तसा लागत नाही. मोठ्या क्षेत्रातून रस्ते आणि गटारांची जागा सोडावी लागते, म्हणून न्यायालय काही भाग वजा करतं. ही वजावट किती, यावरच पुढे उच्च न्यायालयात खरी लढाई होते.

कलम 54 खालचं अपील उच्च न्यायालयात आलं की न्यायमूर्ती दर, वजावट, झाडांचा आणि विहिरीचा मोबदला असं सगळं पुन्हा मोजू शकतात. दर वाढवता येतो, तसा कमीही करता येतो. सरकारही अपील करतं आणि तेव्हा शेतकऱ्याचा वकील स्वतंत्र अपील न करता त्याच प्रकरणात प्रति-आक्षेप दाखल करू शकतो. मात्र रेफरन्सच्या वेळी जे खरेदीखत कपाटातच राहिलं, ते आता आणायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 नियम 27 ची कसोटी लागते. खालच्या न्यायालयानं तो पुरावा चुकीनं नाकारला होता, किंवा पुरेशी काळजी घेऊनही तो तेव्हा मिळाला नव्हता, किंवा निकालासाठी तो न्यायालयालाच हवा आहे, यांपैकी एक तरी दाखवावं लागतं. ‘वकिलांनी लावला नाही’ हे कारण सहसा टिकत नाही. चांगला वकील परवडणाऱ्या शेतकऱ्याला आणि त्याच्या बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याला एकाच अधिसूचनेत वेगवेगळा दर मिळतो, त्याचं कारण बहुतेक वेळा या टप्प्यावर असतं. कलम 28-अ नं ही विषमता काही अंशी कमी केली. रेफरन्स न केलेल्या खातेदारालाही, त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्याच्या जमिनीचा वाढीव निवाडा न्यायालयानं दिल्यास, तीन महिन्यांत अर्ज करून तोच दर मागता येतो. पण शेजाऱ्याचा निकाल लागल्याची खबर तीन महिन्यांत गावात पोचली, तरच या कलमाचा उपयोग.

पहिलं अपील रुंद, दुसरं अरुंद

दिवाणी दाव्यात पहिलं अपील हा पक्षकाराचा हक्क आहे. त्यात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही खुले असतात. अपील न्यायालयानं विचारार्थ मुद्दे काढायचे, प्रत्येकावर निर्णय द्यायचा आणि कारणं लिहायची, हे आदेश 41 नियम 31 सांगतो. संतोष हजारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये यात एक महत्त्वाची भर घातली. खालचा निकाल कायम करायचा असेल तर सगळी कारणं पुन्हा लिहायची गरज नाही, पण तो उलटवायचा असेल तर खालच्या न्यायाधीशाच्या प्रत्येक कारणाला भिडून ते का चुकलं हे सांगावंच लागेल.

साक्षीदाराच्या तोंडी पुराव्याबाबत अपील न्यायालय हात राखून असतं. साक्षीदार उलटतपासात अडखळला, की ठाम राहिला, की वकिलाकडे पाहून बोलला, हे खालच्या न्यायाधीशानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वरच्या न्यायमूर्तींसमोर असतो तो टंकलिखित कागद. म्हणून केवळ ‘आम्हाला वेगळं वाटतं’ एवढ्यावर तोंडी पुराव्याचं मूल्यमापन बदलू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं 1951 पासून सांगितलं आहे. खरेदीखत, फेरफार, सातबारा यांसारख्या कागदांचं तसं नसतं. ते वाचायला दोन्ही न्यायालयं सारखीच सक्षम असतात.

दुसऱ्या अपिलात दार फार अरुंद होतं. 1976 च्या दुरुस्तीनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली फक्त ‘कायद्याचा भरीव प्रश्न’ असेल तरच उच्च न्यायालय अपील दाखल करून घेतं आणि तो प्रश्न आधी शब्दांत मांडावा लागतो. कशाला भरीव म्हणायचं, याची कसोटी मुंबईच्याच एका प्रकरणात, सर चुनिलाल मेहता विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग, 1962 मध्ये घालून दिली गेली. प्रश्न सर्वसाधारण महत्त्वाचा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट परिणाम करणारा हवा, आणि आधीच्या निवाड्यांनी तो पुरता सुटलेला नसावा. भावकीतल्या वाटपाचा दावा पनवेलला हरला, जिल्हा न्यायालयातही हरला, तर ‘ताबा आमचाच होता’ हे उच्च न्यायालयात सांगून भागत नाही. ताबा कोणाचा, ही वस्तुस्थिती झाली. दोन्ही न्यायालयांनी महत्त्वाचा पुरावा वाचलाच नाही किंवा पुरावा नसतानाच निष्कर्ष काढला, असं असेल तरच त्याचा कायद्याचा प्रश्न होतो.

अमेरिकेत राज्याराज्यांच्या अपील न्यायालयांत हा फरक आणखी कडक आहे. ज्युरीनं ठरवलेल्या वस्तुस्थितीला ती सहसा हात लावत नाहीत, कायद्याच्या मुद्द्यावर मात्र पूर्ण स्वतंत्र विचार करतात. आपल्याकडे ज्युरी होती तेव्हाही वरच्या न्यायालयाकडे एक अधिकार होता आणि तो मुंबईनं गाजलेल्या खटल्यात पाहिला. 1959 च्या नानावटी खून खटल्यात ज्युरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी आरोपी निर्दोष ठरवला. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल पुराव्याच्या विरुद्ध वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयानं पुरावा स्वतः तपासला, 1960 मध्ये आरोपीला दोषी ठरवलं आणि 24 नोव्हेंबर 1961 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम केला.

शिक्षेचं अपील, सुटकेचं अपील

फौजदारी अपिलात उच्च न्यायालयाचा हात सर्वांत मोकळा असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं कलमांचे आकडे बदलले, पण अपिलाची चौकट बहुतांशी पूर्वीचीच ठेवली. शिक्षेविरुद्धच्या अपिलात न्यायालय सगळा पुरावा पुन्हा वाचतं, सुटका करू शकतं, कलम बदलू शकतं, शिक्षा कमी करू शकतं, फेरसुनावणीचा आदेश देऊ शकतं. आरोपीच्याच अपिलात त्याची शिक्षा वाढवता मात्र येत नाही. त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं.

या अधिकाराची व्याप्ती 21 जुलै 2025 ला साऱ्या मुंबईनं पाहिली. 11 जुलै 2006 च्या लोकल गाड्यांतल्या सात स्फोटांत 180 हून अधिक माणसं गेली होती. विशेष मोक्का न्यायालयानं सप्टेंबर 2015 मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. नवा साक्षीदार एकही आला नव्हता. आधीच्याच पुराव्याची त्यांनी पुन्हा छाननी केली. साक्षीदारांनी घटनेनंतर कित्येक महिन्यांनी केलेली ओळख, ओळख परेड घेणाऱ्याला तिचा अधिकारच नसणं, कबुलीजबाबांत सारखाच मजकूर आढळणं, बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हे सरकार पक्षाला दाखवता न येणं, ही त्यांची कारणं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं या निकालाचा अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापर करण्यास स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र तुरुंगात परत पाठवलं नाही. एकोणीस वर्षं न्यायाची वाट पाहिलेली मृतांची कुटुंबं आणि तेवढीच वर्षं कोठडीत घालवलेली माणसं, दोघांच्याही हाती अखेर काय पडलं, हा प्रश्न तपास करणाऱ्यांनी आणि खटला चालवणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवा. खालच्या न्यायालयातला कच्चा पुरावा वर गेल्यानं पक्का होत नाही.

निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात कसोटी वेगळी लागते. आरोपी मुळातच निर्दोष मानला जातो आणि सुटकेच्या निकालानं त्या गृहीतकाला बळकटी येते. म्हणून पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर सुटका उलटवू नये, असं 2007 च्या चंद्रप्पा निकालात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा मांडलं. तरीही उच्च न्यायालयाचा पुरावा तपासण्याचा अधिकार कुठेही कमी होत नाही. शिवाजी सहाबराव बोबडे प्रकरणात 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबई उच्च न्यायालयानं उलटवलेली सुटका योग्य ठरवली आणि संशयाचा फायदा वाजवीपेक्षा ताणू नये, असं बजावलं.

मथुरा प्रकरणात हीच शिडी उलट्या दिशेनं चढली गेली. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या आरोपातून सत्र न्यायालयानं 1974 मध्ये पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं 1976 मध्ये तो निकाल उलटवला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, ही गोष्ट उच्च न्यायालयानं ओळखली होती. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सुटका केली. वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. तीन न्यायालयांसमोर पुरावा तोच होता, फरक होता तो वाचणाऱ्याच्या दृष्टीत.

31 डिसेंबर 2009 पासून पीडित व्यक्तीलाही सुटकेविरुद्ध अपिलाचा स्वतंत्र हक्क मिळाला. सरकार गप्प बसलं तरी कुटुंबाला वर जाता येतं, हा अलीकडच्या काळातला मोठा बदल म्हणावा लागेल.

पनवेलच्या सत्र न्यायालयानं 21 एप्रिल 2025 ला पोलीस अधिकारी अश्विनी बिद्रे यांच्या खुनाबद्दल माजी पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला जन्मठेप दिली. मृतदेह मिळाला नसताना परिस्थितिजन्य पुराव्यावर ही दोषसिद्धी झाली. अशा प्रकरणाचं अपील उच्च न्यायालयात कोणत्या कसोटीवर तपासलं जातं, हे पुण्याच्या शरद सारडा खटल्यात 1984 मध्ये ठरून गेलं आहे. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झालेला हवा, सगळे दुवे आरोपीकडेच बोट दाखवणारे हवेत, साखळी अखंड हवी आणि दुसरी कोणतीही वाजवी शक्यता उरता कामा नये. त्या खटल्यात सत्र न्यायालयानं दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयानं कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयानं याच कसोट्या लावून आरोपीला सोडलं.

फाशीची शिक्षा तर उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अंमलात येऊच शकत नाही, आरोपीनं अपील केलं नाही तरी. खैरलांजी हत्याकांडात भंडाऱ्याच्या न्यायालयानं 2008 मध्ये सहा जणांना फाशी दिली होती, ती नागपूर खंडपीठानं 2010 मध्ये 25 वर्षांच्या कारावासावर आणली. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातली फाशी 25 नोव्हेंबर 2021 ला जन्मठेपेत बदलली गेली. दोन्ही वेळा दोषसिद्धी टिकली, शिक्षा बदलली. दोष आणि शिक्षा हे दोन वेगळे प्रश्न म्हणून तपासले जातात.

कधी प्रकरण मागेही पाठवलं जातं. प्रा. जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून गडचिरोलीच्या न्यायालयानं 2017 मध्ये जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर 2022 मध्ये खटल्याच्या मंजुरीतल्या त्रुटीवरून सुटका केली. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये तो निकाल रद्द करून अपील पुन्हा ऐकायला सांगितलं. दुसऱ्या खंडपीठानं 5 मार्च 2024 ला पुन्हा निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साईबाबा गेले. फेरसुनावणीची वर्षं कैद्याच्या आयुष्यातूनच वजा होतात.

तळोजातून निघणारा कागद

नवी मुंबईतल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहातल्या गरीब कैद्यासाठी अपिलाची सुरुवात बहुधा एका अर्जानं होते. वकील नसला तरी शिक्षा झालेला कैदी आपलं अपील तुरुंग अधीक्षकांकडे देऊ शकतो आणि त्यांनी ते न्यायालयाकडे पाठवायचं असतं. याला ‘जेल अपील’ म्हणतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अपील लांबणार असेल तर शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो. अपील वाजवी काळात ऐकता येत नसेल तर माणसाला आत ठेवणं अन्यायाचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्येच कश्मीरा सिंग प्रकरणात सांगितलं होतं. हे अर्ज वेळेवर निघतात का, नेमलेला वकील कैद्याला एकदा तरी भेटतो का, यावर या हक्काचं मोल ठरतं.

आधी पैसे भरा

खारघर, तळोजा, उलवे या पट्ट्यात घर घेतलेल्यांना अपिलाचा अनुभव येतो तो महारेरा या गृहबांधणी नियामकाच्या वाटेनं. महारेराच्या आदेशावर अपील न्यायाधिकरण आणि त्यावर उच्च न्यायालयात दुसरं अपील, तेही कायद्याच्या भरीव प्रश्नापुरतं. विकासकाला न्यायाधिकरणाकडे जायचं तर ग्राहकाला द्यायची रक्कम व्याजासह आधी जमा करावी लागते. ही अट सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये वैध ठरवली आणि त्यामुळे केवळ वेळ काढण्यासाठी केलेल्या अपिलांना चाप बसला. धनादेश न वटल्याच्या खटल्यातही 2018 च्या दुरुस्तीनंतर अपील न्यायालय दोषी व्यक्तीला दंड किंवा भरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम भरायला लावू शकतं. मोटार अपघात भरपाईत विमा कंपनीला अपिलाआधी 25 हजार रुपये किंवा निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरावी लागते. सायन-पनवेल महामार्गावर कर्ता माणूस गमावलेल्या घराला या छोट्या रकमेनं फारसा आधार मिळत नाही. मोठा भाग स्थगितीची अट म्हणून उच्च न्यायालय जमा करायला सांगतं तेव्हाच घरी काही पोचतं.

रिट म्हणजे अपील नव्हे

अपील नाही तिथे लोक रिट करतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद 227 नं उच्च न्यायालयाला खालच्या न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार दिला आहे. भाडेकरू, मालक, भावकी यांच्या वादांत हा अधिकार सर्रास वापरला जाऊ लागला, तेव्हा मुंबईहून गेलेल्या शालिनी शेट्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये बजावलं की हा अधिकार न्यायालयांना त्यांच्या मर्यादेत ठेवण्यासाठी आहे, प्रत्येक चूक दुरुस्त करण्यासाठी नाही. खालच्या न्यायाधीशानं चुकीचा निर्णय दिला, एवढं पुरत नाही. त्यानं अधिकारच ओलांडला किंवा असलेला वापरला नाही, हे दाखवावं लागतं.

नक्कल, मुदत, भाषांतर

वस्तुस्थितीवर, कायद्यावर एवढं बोलूनही पुष्कळ अपिलं मुदतीच्या पायरीवरच अडखळतात. उच्च न्यायालयात दिवाणी अपिलाला 90 दिवस, शिक्षेविरुद्धच्या अपिलाला 60 दिवस. फाशीविरुद्ध 30. निकालाची प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात, पण नकलेचा अर्ज केल्यापासूनच. निकाल लागला त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज टाकणं ही साधी गोष्ट कित्येकांना कोणी सांगत नाही. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. 1987 च्या काटिजी प्रकरणात भूसंपादनाच्याच एका अपिलाला चार दिवस उशीर झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयानं उदार दृष्टी ठेवायला सांगितलं. सरकारी खात्यांनी त्या उदारतेवर वर्षानुवर्षं भिस्त ठेवली. 2012 मध्ये पोस्टमास्तर जनरल प्रकरणात न्यायालयानं सुनावलं की मुदतीचा कायदा सरकारलाही तेवढाच लागू आहे आणि फाईल टेबलावरून टेबलावर फिरली हे कारण चालणार नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत 1998 च्या अधिसूचनेनं मराठी आली. उच्च न्यायालयाचं काम घटनेच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजीत चालतं. त्यामुळे उरणच्या शेतकऱ्यानं मराठीत दिलेली साक्ष, पंचनामा, जबाब यांचं भाषांतर होऊन ‘पेपरबुक’ तयार होतं आणि न्यायमूर्ती बहुधा तेच वाचतात. ‘खार जमीन’, ‘बांध’, ‘उघाडी’ हे शब्द जमिनीचा दर्जा सांगतात. त्यांचं भाषांतर ढिसाळ झालं तर भावावर परिणाम होतो. म्हणून मूळ रेकॉर्ड मागवून शंकेच्या जागी मराठी मजकूर दाखवणारा वकील अपिलात खूप काम करून जातो.

यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारायला नवा कायदा लागत नाही. निकालासोबतच प्रमाणित प्रत आणि अपिलाच्या मुदतीची मराठी चिठ्ठी पक्षकाराच्या हाती देता येते. रेफरन्स न्यायालयाचा वाढीव निवाडा झाला की त्या अधिसूचनेतल्या सगळ्या खातेदारांना कलम 28-अ ची सूचना ग्रामपंचायतीत, प्रभाग कार्यालयात लावता येते. एका गावाची, एका तारखेची भूसंपादन अपिलं एकत्र ऐकली तर दरात तफावत राहत नाही आणि उच्च न्यायालयाचाही वेळ वाचतो. काही खंडपीठांनी असे गट करून निकाल दिलेही आहेत. कोल्हापूरला सहा जिल्ह्यांचं काम गेल्यानं मुख्य पीठावर जो वेळ मोकळा होईल, त्यात ठाणे-रायगडच्या जुन्या भूसंपादन अपिलांसाठी आठवड्यातला एखादा दिवस स्वतंत्र बोर्ड लावावा, ही मागणी बेलापूर आणि पनवेलच्या वकील संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. 1970 च्या भावाबद्दल भांडणारी मूळ खातेदारांची पिढी आता थोडीच उरली आहे आणि बहुतेक प्रकरणांत त्यांच्या नावापुढे वारसांची नावं चढली आहेत.